पगारदार कवींचं मिलान

३० जानेवारी १९४८. दिल्लीत संध्याकाळच्या प्रार्थनेला निघालेल्या गांधीजींवर पुण्यातल्या एका वृत्तपत्राच्या संपादकाने गोळ्या झाडल्या. ही बातमी मिलानच्या ‘कोर्रिएरे देल्ला सेरा’ या दैनिकाच्या कचेरीत पोचली, तेव्हा संपादक ग्वील्येल्मो एमानुएल यांच्या खोलीत एक कवी योगायोगाने बसलेला होता. गांधींवर ताबडतोब काहीतरी लिहून हवं होतं. कवीने टाइपरायटर पुढे ओढला आणि दोनेक तासांत लेख हातावेगळा केला. ‘अपुरं राहिलेलं कार्य’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली तो बिनसहीचा छापून आला. कवीला नोकरी मिळाली. त्याचं नाव एउजेनियो मोन्ताले, वय ५१.

याच मोन्तालेला दहा वर्षांपूर्वी, १९३८ साली, फ्लोरेन्समधल्या एका नामांकित ग्रंथालयाच्या संचालकपदावरून घरी बसवलं होतं, कारण त्याच्याकडे फॅसिस्ट पक्षाचं सभासदत्व नव्हतं. मधली दहा वर्षं भाषांतरं करण्यात आणि पडेल ते लिहिण्यात गेली. १९४८ नंतर मात्र तो कायमचा मिलानकर झाला. १९७५ साली नोबेल मिळालं तेव्हाही त्याची ओळख ‘कोर्रिएरे’चा माणूस अशीच होती.

हा किस्सा इटलीत पुष्कळदा सांगितला जातो, आणि त्यात कौतुक असतं ते कवीच्या हातोटीचं. मला त्यातली नोकरी महत्त्वाची वाटते. विसाव्या शतकातल्या इटालियन कवितेत शहर बोलायला लागलं ते कवी शहरात पगारावर राहू लागल्यानंतर. त्याआधी कवितेत शहर नव्हतं असं नाही. होतं, पण गच्चीतून पाहिलेलं.

गच्चीतून पाहणाऱ्यांचा पुढारी फिलिप्पो तोमाझो मारिनेत्ती. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात जन्मलेला, वकील बापाची गडगंज इस्टेट वारशाने मिळालेला. २० फेब्रुवारी १९०९ रोजी पॅरिसच्या ‘ल फिगारो’त त्याने भविष्यवादाचा जाहीरनामा छापून आणला. मित्रांबरोबर रात्रभर जागून गप्पा, मग पहाटे मोटारीतून भन्नाट दौड, मग गाडीसकट खड्ड्यात, आणि त्या खड्ड्यातला कारखान्याचा काळा चिखल अंगाला लागल्याचा आनंद, अशी त्या जाहीरनाम्याची सुरुवात आहे. पुढे प्रतिज्ञा येतात: आम्ही गर्दीची गाणी गाऊ, रेल्वे स्टेशनांची, पुलांची, विजेच्या दिव्यांत झळाळणाऱ्या गोद्यांची. युद्धाचंही गुणगान आहे. नाट्यमय मजकूर आहे, शंकाच नाही. पण त्या गोद्यांत आठ तास काम करणारा माणूस त्यात शोधून सापडत नाही. शहर म्हणजे आतषबाजी, आणि कवी तिकीट न काढता आलेला प्रेक्षक.

मारिनेत्तीच्याच टोळीतल्या आल्दो पालात्सेस्कीला हे बहुधा कळलं असावं. फ्लोरेन्सच्या या व्यापाऱ्याच्या मुलाने १९१३च्या सुमारास ‘फेरफटका’ नावाची कविता छापली. दोघे जण फिरायला निघतात आणि परत येतात. मधल्या भागात काय? दुकानांच्या पाट्या, घरांचे नंबर, जाहिराती, किमती, सेलच्या घोषणा. कवीचं स्वतःचं म्हणणं जवळपास शून्य. शहर सतत आपल्याला वाचायला लावतं, आणि आपण वाचतोय हेही आपल्या ध्यानात येत नाही, ही गोष्ट त्याने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी विनोद म्हणून मांडली. भविष्यवाद्यांच्या साऱ्या तोफखान्यात मला हा एक लवंगी फटाका सर्वांत आवडतो.

त्याच सुमारास इटलीच्या पार ईशान्य टोकाला, तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्याचं बंदर असलेल्या त्रिएस्तेत, उंबेर्तो साबा वेगळ्याच मार्गाने चालला होता. जुन्या वस्तीतल्या गल्लीबोळांतून घरी जाताना त्याला खलाशी दिसतात, वेश्या दिसते, शिव्या हासडणारा म्हातारा दिसतो, तळणीच्या दुकानात बसलेला घोडदळाचा शिपाई दिसतो. या गर्दीत शिरल्यावर मन अधिक स्वच्छ होतं, असं तो म्हणतो. साबा उंचावरून पाहत नव्हता. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, त्याने व्हिया सान निकोलोवरचं जुन्या पुस्तकांचं दुकान विकत घेतलं आणि पुढे जन्मभर तो दुकानदारच राहिला. आई ज्यू असल्यामुळे १९३८च्या वंशविषयक कायद्यांचा त्याला फटका बसला. जर्मन ताब्याच्या काळात फ्लोरेन्समध्ये लपून दिवस काढावे लागले, तेव्हा त्याला भेटायला जाणाऱ्यांत मोन्तालेही होता.

मिलानचं स्वतःचं बोलणं त्या काळात एका वकिलाने जपलं. देलियो तेस्सा कोर्टात काळा झगा घालून उभा राही आणि घरी मिलानी बोलीत कविता लिही. हयातीत त्याचं एकच पुस्तक आलं, १९३२ साली. त्याच्या शीर्षकाचा अर्थ ‘आज मेलेल्यांचा दिवस, मजा करा!’ १९१७च्या ऑक्टोबरात कापोरेत्तोला इटालियन सैन्याची दाणादाण उडाली. त्यानंतर आठवड्याभरात आलेला मृतात्म्यांचा सण आणि त्या दिवशी मिलानच्या रस्त्यांवर उसळलेली गर्दी, हा त्यातल्या शीर्षक-कवितेचा विषय. अर्धवट वाक्यं, हाका, ओरडा, मधूनच एखादं गाणं. फॅसिस्टांना बोलीभाषांचं वावडं होतं, एकसंध राष्ट्राला एकच भाषा हवी म्हणून. तेस्साला फॅसिस्टांचं वावडं होतं. १९३९ साली तो गेला आणि नंतर कित्येक वर्षं फारसा कोणाच्या स्मरणात नव्हता.

मग बाँब पडले. १९४३च्या ऑगस्टमध्ये, मुसोलिनीची सत्ता कोसळून तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, ब्रिटिश विमानांनी मिलानवर चार रात्री हल्ले केले. ला स्काला नाट्यगृहाचं छत गेलं. लिओनार्दोचं ‘शेवटचं भोजन’ ज्या भोजनगृहात आहे ते जमीनदोस्त झालं. वाळूच्या पोत्यांच्या आधाराने चित्राची भिंत तेवढी उभी राहिली. साल्वातोरे क्वासिमोदो तेव्हा तिथल्या संगीत विद्यालयात साहित्य शिकवत होता. जन्माने सिसिलीचा. सरकारी बांधकाम खात्यात सर्व्हेअर म्हणून राबलेला. तोवर त्याची कविता ग्रीक दंतकथांत आणि सिसिलीच्या वाऱ्यात रमलेली, जाणीवपूर्वक दुर्बोध. त्या ऑगस्टवर त्याने लिहिलेली छोटी कविता आजही शाळेत शिकवतात. धुळीत चाचपडणाऱ्या हाताला कवी थेट ‘तू’ म्हणून सांगतो की शोधणं व्यर्थ आहे, शहर मेलं आहे. इतकी साधी वाक्यं त्याने त्याआधी लिहिली नव्हती. पुढल्याच ऑगस्टमध्ये, १९४४ साली, लोरेतो चौकात १५ फॅसिस्टविरोधी कैद्यांना गोळ्या घालून त्यांची प्रेतं दिवसभर तिथेच ठेवली. त्यांच्यावरही क्वासिमोदोने लिहिलं. १९४५च्या एप्रिलमध्ये मुसोलिनीचं प्रेत उलटं टांगलं गेलं तेही याच चौकात.

युद्धानंतरच्या भग्न शहराचं सर्वांत नेमकं चित्र मात्र मिलानचं नाही, जेनोव्हाचं आहे. जोर्जो काप्रोनी प्राथमिक शाळेत मास्तर होता, युद्धात डोंगरांतल्या प्रतिकार चळवळीत होता. तरुणपण जेनोव्हात गेलेलं. युद्ध संपल्यावर तिथल्या बांदिएरा चौकात त्याला अठराव्या शतकातला एक पुतळा दिसला: जळत्या ट्रॉयमधून निसटणारा एनेआस, पाठीवर म्हातारा बाप, हाताशी लहान मुलगा. भोवतालचा चौक बाँबहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेला आणि हे तिघे तसेच उभे. काप्रोनीने त्यात आपल्या पिढीचं चित्र पाहिलं. बाप चालू शकत नाही, मुलाला अजून चालता येत नाही, आणि मध्ये एकटा माणूस. १९५६ साली आलेल्या त्याच्या संग्रहाचं नावच ‘एनेआसची वाट’ आहे. याच काप्रोनीची जेनोव्हातल्या कास्तेल्लेत्तोच्या सार्वजनिक लिफ्टवर कविता आहे. ही लिफ्ट खालच्या शहरातून वरच्या टेकडीवर नेते, आणि काप्रोनीला स्वर्गात जायचं तर तिनेच जायचं आहे. सार्वजनिक वाहतुकीवर इतका विश्वास टाकणारा दुसरा कवी माझ्या पाहण्यात नाही.

आता मिलान. १९५१च्या जनगणनेत शहराची वस्ती पावणेतेरा लाखांच्या आसपास होती, १९६१ साली ती सोळा लाखांच्या जवळ गेली. दक्षिणेकडून आणि भोवतालच्या खेड्यांतून रेल्वेने माणसं येत होती. १९६० साली मध्यवर्ती स्टेशनासमोर १२७ मीटर उंचीची पिरेली इमारत उभी राहिली. टायर, टाइपरायटर, फ्रीज, स्कूटर यांचा माल जगभर जाऊ लागला, आणि या कंपन्यांना आपलं म्हणणं चांगल्या भाषेत मांडणारी माणसं हवी होती. कवींना भाड्याचे पैसे हवे होते. इटालियन साहित्यातला एक मजेशीर सौदा असा जमला.

लेओनार्दो सिनिसगाल्ली हा दक्षिणेतल्या लुकानिया प्रांताचा. शिक्षणाने इंजिनिअर, पिंडाने कवी. आधी टाइपरायटर बनवणाऱ्या ऑलिव्हेत्ती कंपनीच्या जाहिरात विभागात होता. १९४८ साली टायर बनवणाऱ्या पिरेली कंपनीच्या नियतकालिकाची सुरुवात करण्यात त्याचा मोठा वाटा होता, आणि १९५३ साली त्याने ‘यंत्रांची संस्कृती’ नावाचं नियतकालिक काढलं. उद्योगाच्या पैशातून निघालेल्या त्या नियतकालिकात इटलीतले उत्तम लेखक लिहीत. फ्रांको फोर्तिनी, कट्टर मार्क्सवादी, तोही १९४७ पासून बरीच वर्षं ऑलिव्हेत्तीच्या प्रसिद्धी विभागात. जोव्हान्नी जुदिची १९५६ साली ऑलिव्हेत्तीत शिरला आणि दोनेक वर्षांत मिलानला आला. वित्तोरियो सेरेनी १९५२ ते १९५८ पिरेलीत प्रसिद्धीचं काम पाहत होता. नंतर मोन्दादोरी प्रकाशनात साहित्य विभागाचा प्रमुख झाला.

सेरेनी युद्धात पकडला गेला होता आणि उत्तर आफ्रिकेतल्या छावण्यांत कैदी म्हणून राहिला होता. त्यामुळे मायदेशातला लढा त्याच्या वाट्याला आलाच नाही, आणि आपण ऐन वेळी गैरहजर होतो ही सल त्याला आयुष्यभर होती. पिरेलीत असताना सुरू केलेली ‘कारखान्याला भेट’ ही दीर्घ कविता १९६१ साली एलिओ व्हित्तोरिनी आणि इतालो काल्व्हिनो यांच्या ‘इल मेनाबो’ या नियतकालिकात आली. उद्योग आणि साहित्य असा त्या अंकाचा विषय होता. कविता भोंग्यापासून सुरू होते. एके काळी शहराचे तास मोजून देणारा तो आवाज आता क्वचितच, तोही दुरून ऐकू येतो. मग कवी आत शिरतो, पाहुणा म्हणून. यंत्रांची ताकद त्याला खेचते, हे तो लपवत नाही. कामगार बोलतात, त्यांचा राग ऐकू येतो, पण कवी त्यांच्या बाजूने गळा काढत नाही. आपण तासाभराने बाहेर पडणार आणि हे इथेच राहणार, हे त्याला पुरतं ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकातला थोर कवी लेओपार्दी याने अभ्यासाच्या पानांवर खर्ची पडलेल्या आपल्या तारुण्याबद्दल लिहिलेली एक प्रसिद्ध ओळ सेरेनी इथे आणून ठेवतो, आणि कारखान्याच्या भिंतींत तिचा अर्थच पालटतो. आयुष्याचा उत्तम भाग इथे कोणाचा आणि कशावर खर्च होतोय, हे वाचकाला विचारावं लागतं.

जुदिचीचा सूर याहून घरगुती. १९६५च्या ‘पद्यातलं जगणं’ या संग्रहात सातव्या मजल्यावरचा फ्लॅट आहे, आरडाओरडा करून एकदाची झोपलेली मुलं आहेत, नवरा-बायको आहेत, आणि आणखी किती वर्षं असंच चालणार हा प्रश्न आहे. कारकुनी मध्यमवर्गाची लाज, भीती आणि छोटे स्वार्थ त्याने हसत हसत, स्वतःला न वगळता मांडले.

पण ज्याच्यासाठी हा सगळा प्रवास केला तो कवी एलिओ पाल्यारानी. १९२७ साली रिमिनीजवळच्या व्हिसेर्बा गावात जन्म. बाप घोडागाडी हाकणारा. युद्धानंतर पोरगा मिलानला आला, आयात-निर्यातीच्या एका कंपनीत कारकून झाला, मग शिकवण्या, मग समाजवादी दैनिकात नोकरी. आधी चित्रपटाची कथा म्हणून सुचलेला एक विषय त्याने १९५४ ते १९५७ या काळात कवितेत लिहिला. ‘कार्ला नावाची मुलगी’ ही ती दीर्घ कविता १९६० साली ‘इल मेनाबो’तच प्रसिद्ध झाली.

कवितेच्या आधी चार ओळींचं गद्य टिपण आहे. एक मानसोपचारतज्ज्ञ मित्र कवीला सांगतो की त्याच्याकडे एक तरुण कारकून मुलगी येते. शहरातल्या रविवारांची तिला इतकी सवय नाही की शनिवारी ती बेताने झोपेचं औषध घेते, म्हणजे सोमवारपर्यंत जाग येत नाही. ही कविता त्या मुलीला अर्पण करण्यात काही अर्थ आहे का, असं कवी विचारतो. आधुनिक शहरावर लिहिलेल्या कित्येक जाडजूड ग्रंथांपेक्षा या टिपणात जास्त ऐवज आहे.

कार्ला दोन्दी सतरा वर्षांची. वडील वारलेले. रेल्वेच्या पुलापलीकडे, रिपामोंती रस्त्याला लागून असलेल्या एका आडव्या गल्लीत घर. आई सपाता शिवते. बहीण नेरीना आणि तिचा नवरा आंजेलो त्याच घरात राहतात, आणि रात्री भिंतीपलीकडून येणाऱ्या आवाजांनी कार्लाला घेरल्यासारखं होतं. ती टायपिंग शिकते, आणि कवितेत टायपिंगच्या क्रमिक पुस्तकातले उतारेच्या उतारे येतात: कुठलं बोट कुठे ठेवायचं, डोळे कुठे. मग कॅथीड्रलच्या सावलीत, शहराच्या मध्यभागी असलेल्या ट्रान्सओशन लिमिटेड नावाच्या कंपनीत स्टेनो-टायपिस्ट म्हणून पहिली नोकरी. व्यापारी पत्रांची भाषा, इंग्रजी शब्द, ट्राममधली माणसं, साहेबांचे हुकूम हे सगळं ओळींत ओतलेलं आहे. ओळी कधी लांब, कधी एका शब्दाच्या, कधी पानभर सरकत गेलेल्या. साहेबाचं नाव प्राटेक. तो एके दिवशी जवळीक करू पाहतो. कार्ला पळून घरी येते, परत जायचं नाही म्हणते. आई तिला समजावून परत पाठवते, कारण घरात पगार हवा. शेवटी कार्ला लिपस्टिक लावते, नवे मोजे घालते, आणि कामाला जाते.

बस, एवढीच गोष्ट. बंड नाही, आत्महत्या नाही, क्रांती नाही. मुलगी शहराला सरावते. हा विजय की हार, हे पाल्यारानी सांगत नाही. माझ्या मते कवितेच्या अगदी शेवटी तो स्वतः जरा मोठ्याने बोलायला लागतो आणि तेवढ्यापुरती कविता व्यासपीठावर चढते, पण तोवर काम फत्ते झालेलं असतं. यंत्राची स्तुती मारिनेत्तीनेही केली होती. टाइपरायटरवर दहा बोटं कशी बसतात हे कवितेत आणायला मात्र पन्नास वर्षं आणि एक कारकून लागला.

रोममध्ये याच वर्षांत पिएर पाओलो पासोलिनी वेगळी कविता लिहीत होता. १९५०च्या जानेवारीत आईला घेऊन तो तिथे पळून आला, शहराच्या कडेच्या रेबिब्बिया वस्तीत राहिला, चांपीनोच्या खासगी शाळेत शिकवायला बसने तासन्‌तास जाऊ लागला. १९५७च्या ‘ग्राम्शीची राख’ संग्रहात उत्खनन यंत्राच्या रडण्यावर एक कविता आहे. घराजवळ जमीन उकरणारं यंत्र, आणि ज्याचा बदल होतोय त्याचं दुःख. गंमत अशी की त्यातल्या पुष्कळ कविता त्याने दांतेच्या तीन-तीन ओळींच्या कडव्यांत बांधल्या. विषय झोपडपट्टीचा, वृत्त सहाशे वर्षांपूर्वीचं. पासोलिनीला गरिबांत पुरातन काहीतरी दिसत होतं, आणि ते वाचवायचं होतं. पाल्यारानीला तसं काही दिसत नव्हतं. मला पाल्यारानी अधिक प्रामाणिक वाटतो, पासोलिनी अधिक मोठ्या आवाजाचा.

१९६१ साली पाल्यारानीसह पाच तरुण कवींचा ‘नोव्हिस्सिमी’ हा संग्रह निघाला आणि नव्या प्रयोगवाद्यांचं वादळ उठलं. त्याच वर्षी त्यांच्यातल्या नान्नी बालेस्त्रीनीने मिलानमधल्या एका बँकेच्या आयबीएम संगणकाला ठरावीक वाक्यखंड देऊन कविता जुळवून घेतली. हिशेबाच्या यंत्रावर कविता! मारिनेत्ती जिवंत असता तर त्याला आनंद झाला असता. मला त्या कवितेपेक्षा ती बँकेत झाली हे जास्त बोलकं वाटतं.

तोवर जुनं मिलान पाडलं जात होतं. आतल्या वर्तुळातला कालवा १९२९ पासून झाकायला घेतला होता, त्यावर रस्ते झाले. जोव्हान्नी राबोनी मूळ मिलानचाच, जन्म १९३२. १९६६ साली त्याचा ‘व्हेत्रातली घरं’ हा संग्रह आला. व्हेत्रा म्हणजे एके काळी जिथे गुन्हेगारांना जाहीर देहदंड होत तो भाग. एका कवितेत तो पाडलेल्या वस्तीतून चालतो. वडील सांगायचे, इथे यायचं तर खिशात चाकू असावा. आपल्या चाळींना असते तशी सामाईक गॅलरी असलेली ती घरं, ओले जिने, चौक. सुधारणा म्हणून सगळं पाडलं. राबोनीचा प्रश्न साधा आहे: वाईट गोष्ट त्या भिंतींत होती का? तिथे फार तर ओल होती. नगररचनेच्या आयोगांनी हजार पानांत जे टाळलं ते त्याने एका कवितेत विचारलं.

इटालियन येणारे मराठी वाचक थोडे असले तरी आहेत. त्यांतल्या कोणी कधी या कवींकडे वळलं तर सुरुवात मोन्तालेच्या नोबेलपासून किंवा मारिनेत्तीच्या जाहीरनाम्यापासून करू नये. आधी पाल्यारानीची कार्ला घ्यावी, आणि जमलं तर ती थेट इटालियनमधून मराठीत आणावी. मुंबई-पुण्याच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये ज्यांच्या आयांनी बोटं बसवली, त्यांना तिच्यासाठी तळटीप लागणार नाही.